मदत हवी आहे: तापमान आणि पीएमएमएची (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट या बहुलकाची) रचना

रत्नागिरीत एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून मी मिथाइल मेथाक्रिलेटचे टोल्युइन या द्रावकातील मूलक बहुलकीकरण (मूलक म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील कणांमार्फत रेणू जोडून लांब साखळ्या बनवणे) एआयबीएन हा आरंभक वापरून 60 आणि 80 अंश सेल्सिअसला करून घेत आहे. 80 अंशांना आरंभकाचे विघटन झपाट्याने होऊन मूलक वाढतात, त्यामुळे अभिक्रिया लवकर होते, पण साखळ्या आखूड राहतात, हे अपेक्षितच आहे. खरी अडचण रचनेची आहे. तापमान वाढले की सिंडिओटॅक्टिक क्रम (साखळीवरील बाजूचे गट आलटून-पालटून विरुद्ध बाजूंना असणे) किंचित घटतो आणि काच-संक्रमण तापमान (ज्या तापमानाला कडक बहुलक मऊ होऊ लागते ते) उतरते; परंतु आखूड साखळ्यांमुळेही ते उतरते, आणि डीएससीच्या (नमुना तापवताना उष्णतेचा प्रवाह मोजणाऱ्या चाचणीच्या) आलेखावरून हे दोन परिणाम वेगळे काढता येत नाहीत. रचना तपासणाऱ्या एनएमआर चाचणीसाठी नमुने मुंबईला पाठवण्यापूर्वी, 80 अंशांना एआयबीएनचे प्रमाण कमी करून साखळीची सरासरी लांबी जुळवणे पुरेसे ठरेल का? की टोल्युइनकडे होणारे साखळी-स्थानांतरणही (वाढती साखळी द्रावकाच्या रेणूकडे मूलकपण सोपवून थांबणे) हिशेबात धरावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.