पाळक (पास्टर) व्हायचं नसेल तर सेमिनरीत दोन वर्षं कशाला घालवायची?

धागाकर्ता: नोकरी चालू आहे, संडे स्कूलला बरीच वर्षं शिकवतोय आणि आता सेमिनरीतून, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून, ख्रिश्चन स्टडीजचं एमए करायचं डोक्यात बसलंय. साधारण २ वर्षांचा कोर्स, जुना करार, नवा करार, मंडळीचा (चर्चचा) इतिहास, थिऑलॉजी (ईश्वरशास्त्र). घरचे म्हणतात, पाळक व्हायचं नाही तर पदवी काय भिंतीला लावायला? मला वाटतं करावं. झोडा बिनधास्त.

रविवारचा पाहुणा: झोडतोच. भाऊ, हे एमए म्हणजे एमडिव्ह (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) नव्हे. पाळकीय दीक्षेसाठी बऱ्याच मंडळ्या ३ वर्षांचं एमडिव्ह मागतात, उद्या तुला पाळक व्हायचं पाचारण झालं तर काय करशील? कॉलेजात शिकवायचं म्हटलं तर पीएचडी लागणार. म्हणजे ना घर का ना घाट का. आणि पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणलं ते काय सेमिनरीची डिग्री घेऊन?

जुनी विद्यार्थिनी: रमाबाईंचं नाव घेताना हे पण सांगा ना की १८७८ ला कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं होतं, संस्कृत व्याकरण कोळून प्यायलेली बाई ती, आपलं देवः देवौ देवाः पण विसरून झालंय. मी हेच एमए केलंय. एक दिवस सरांनी व्हॅटिकनसच्या पानाचा फोटो लावला, बायबलची चौथ्या शतकातली हस्तलिखित प्रत. मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला संपतं, बाया येशूच्या कबरेपासून पळाल्या, घाबरल्या होत्या म्हणून कोणाला काही बोलल्या नाहीत, बस, आणि पुढचा कॉलम कोरा! आपण लहानपणापासून वाचतो त्या पुढच्या १२ ओव्या तिथे नाहीतच. सायनायटिकस या दुसऱ्या जुन्या प्रतीतही नाहीत. वर्गात कोणी हललं नाही. मला दोन रात्री झोप नव्हती, खोटं नाही सांगत.

रविवारचा पाहुणा: ताई, हे बायबलच्या तळटीपेत छापलेलं असतं, फुकट.

जुनी विद्यार्थिनी: असतं की. किती वर्षं बायबल वाचताय, कधी बघितली होती ती टीप? आणि बघितली तरी पुढे काय, त्या ओव्यांवर उपदेश करायचा की नाही, हे तळटीप सांगत नाही. त्यावर आम्ही तीन तास भांडलो, वेगवेगळ्या पंथांची माणसं एका टेबलाशी, ते घरी बसून होत नाही.

गुडघ्यावरचा: हीच तर भीती. डोकं भरतं, गुडघे वाकत नाहीत. आमच्या ओळखीतला एकजण असाच शिकून आला, आता प्रार्थनेतही चुका काढतो. सेमिनरी शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने बिशपांना त्या काढायला लावल्या त्या याजक घडवायला. रोप शेवटी शेतात लावायचं असतं, तुझं शेत कुठलं ते आधी सांग.

धागाकर्ता: शेत संडे स्कूलच हो. मागच्या महिन्यात एका पोरीने विचारलं, आदाम-हव्वेच्या पोराला, काइनाला, बायको कुठून मिळाली? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. चार रविवार झाले.

रविवारचा पाहुणा: हाहा, यासाठी एमए?

धागाकर्ता: यासाठीच. बरं, ग्रीक ऐच्छिक आहे, घेऊ का?

जुनी विद्यार्थिनी: घे. पहिले तीन महिने क्रियापदांची रूपं पाठ करताना मला शिव्या देशील, चालेल.

रविवारचा पाहुणा: जाणारच असशील तर ग्रीक घेच, नाहीतर नुसती भाषांतरं वाचायला घर काय वाईट? पण घरच्यांना मी हो म्हटलं असं सांगू नकोस.