आधी टॅब्लेटचं जीपीएस बघा

गोव्यातल्या नेत्रावळी-सांगे भागातल्या कच्च्या रस्त्यांसाठी टॅब्लेटवर कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं वर विचारलंय आणि बहुतेकांनी गूगल मॅप्स सुचवलंय. डांबरी रस्त्यावर ते उत्तमच, पण सांगे-सत्तरीच्या रानात रेंज जाते आणि कच्ची वाट कशी आहे हे त्यातून कळत नाही.

अ‍ॅपच्या आधी टॅब्लेट तपासा. रेंज नसतानाही आपण कुठे आहोत हे सांगणारी जीपीएस चिप नुसत्या वाय-फायच्या आयपॅडमध्ये नसते, सिम कार्ड चालणाऱ्या सेल्युलर मॉडेलमध्ये असते. हे घेण्याआधी बघाच, नाहीतर नंतर वेगळा ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर जोडावा लागतो.

मी ओएसएमअँड (OsmAnd) वापरतो, लोकांनी मिळून बनवलेले ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे दाखवणारं अ‍ॅप. नकाशे घरूनच उतरवून घ्यायचे, मग रेंजची गरज नाही. रस्त्याचा पृष्ठभाग दाखवायची सोय चालू केली की डांबरी कुठे संपतो ते रंगावरून कळतं, अर्थात कुणी तशी नोंद केली असेल तिथेच. सेटिंग्ज मात्र भरपूर आहेत, पहिले दोन दिवस डोकं उठतं. एवढा खटाटोप नको असेल तर ऑरगॅनिक मॅप्स घ्या, फुकट आणि सुटसुटीत.

खाणींच्या जुन्या रस्त्यांवर मात्र कुठल्याच नकाशावर विसंबू नका. मागच्या वर्षी स्क्रीनवर सरळ पुढे जाणारी रेघ होती आणि समोर हिरवट पाण्याने भरलेला खंदक. बोनेटपासून जेमतेम दहा पावलांवर. लाल चिखलात गाडी मागे घ्यायला अर्धा तास लागला. तेव्हापासून जाताना ट्रॅक रेकॉर्ड करतो, म्हणजे आलेल्या वाटेने परतता येतं.

आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. नकाशात वाट दिसली तरी वनखात्याला विचारल्याशिवाय गाडी आत घालू नका.