मदत हवी आहे: मुलांच्या हालचालींची प्रश्नावली, दुसऱ्या फेरीत आकडे कोसळले

खडूची_पूड
घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. शाळकरी मुलांकडून शारीरिक हालचालींची प्रश्नावली दोनदा भरून घेतली. अल्फा (प्रश्न एकमेकांशी जुळतात का याचा आकडा) ०.७८ आला म्हणून खूश होते. काल आयसीसी (दोन फेऱ्यांचे गुण जुळतात का याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) काढला तर ०.४१! गाईड म्हणतात प्रश्नावलीचं मराठी भाषांतरच फसलंय, पुन्हा करा. परवा बैठक आहे. आयसीसी वर आणायचा काही मार्ग? "पुन्हा डेटा गोळा करा" हे सोडून काहीही सांगा.

मोजपट्टी
कुठली प्रश्नावली? मुलं किती वर्षांची? दोन फेऱ्यांत अंतर किती? आयसीसी कुठल्या प्रकारचा? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पळापळ
ताई, प्रश्नावल्या टाका कचऱ्यात. कमरेला ॲक्सिलरोमीटर, म्हणजे हालचाल मोजणारं यंत्र, बांधायचा, सात दिवसांनी काढायचा, विषय संपला. कालचा गृहपाठ काय होता ते मुलांना आठवत नाही, आणि तुम्ही गेल्या आठवड्यात कितीदा पळलास ते विचारताय.

खडूची_पूड
यंत्रं कुठून आणू? आणि प्रश्नावली पीएक्यू-सी, अर्थातच.

शेवटचा_बाक
अर्थातच का म्हणे? आयपॅक प्रश्नावली घ्यायची. जगभर चालते.

मोजपट्टी
आयपॅक १५ ते ६९ वयासाठी आहे. पीएक्यू-सी ८ ते १४ वर्षांच्या शाळकरी मुलांसाठीच बनवलेली. गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, नऊ प्रश्नांना १ ते ५ गुण, त्यांची सरासरी. दहावा प्रश्न आजारपणाचा, तो गुणांत धरत नाहीत. @खडूची_पूड, तुम्ही धरलात का? आणि बाकीची उत्तरं?

आजीबाई_ऑनलाइन
आमचा नातू शाळेतून आला की जो सोफ्यावर पसरतो तो जेवायलाच उठतो. कुणीतरी सांगा किती वेळ खेळायला हवं या वयात?

शेवटचा_बाक
आजी, ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं, दम लागेल अशी हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना आहेत. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस जोरदार व्यायाम. सोफा हटवा.

पळापळ
आता ही ६० मिनिटं पीएक्यू-सी मधून काढून दाखवा! मिनिटं नाहीत, कॅलरी नाहीत. ३.२ गुण म्हणजे मूल किती पळलं?

मोजपट्टी
ती मिनिटं मोजतच नाही. कोण जास्त हालतं, कोण कमी, एवढं सांगते. तुमचं यंत्र तरी काय? पोहायला जाताना काढून ठेवतात, सायकलवर कंबर हलत नाही. लहान मुलांची धाव काही सेकंदांची असते, एकेका मिनिटाची बेरीज केली की तीही विरघळते.

पळापळ
मग लहान तुकडे घ्या ना! मी १५ सेकंदांचे घेतो. १९९७ मध्ये हीच पीएक्यू-सी हालचाल मोजणाऱ्या यंत्राशी ताडली, सहसंबंध ०.३९. तुमच्याच लाडक्या प्रश्नावलीचा आकडा सांगतोय.

मोजपट्टी
तो वैधतेचा आकडा, म्हणजे खरी हालचाल पकडली जाते का. बाईंचा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे, म्हणजे पुन्हा विचारलं तर तेच येतं का. यंत्राचं दुकान दुसऱ्या धाग्यावर मांडा.

खडूची_पूड
तुमचं झालं असेल तर सांगते. मुलं ७ ते १३ वर्षांची. अंतर तीन आठवडे. दुसरी फेरी परीक्षांच्या आठवड्यात झाली, पण त्याचा इथे काय संबंध?

मोजपट्टी
😀 बाई, तोच तर संबंध आहे! प्रश्न "गेले सात दिवस" असा आहे. पहिल्या फेरीतले सात दिवस आणि दुसरीतले सात दिवस पूर्णपणे वेगळे. त्यात परीक्षा, म्हणजे मैदान बंद आणि घरी अभ्यास. मुलांनी दोन्ही वेळा खरं सांगितलं असेल तरी आकडे जुळणार नाहीत. वागणंच बदललं, त्याचा दोष भाषांतराला कशाला? मूळ अभ्यासात अंतर एका आठवड्याचं होतं, मुलग्यांत ०.७५ आणि मुलींत ०.८२ आला. अल्फावर तर अजिबात जाऊ नका. एकाच बैठकीतले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, एवढंच तो सांगतो.

शेवटचा_बाक
मग अंतर दोन दिवसांचं ठेवायचं, सात दिवसांतले बरेच तेच राहतात.

मोजपट्टी
मग मुलं हालचाल आठवत नाहीत, परवा काय लिहिलं ते आठवतात. आकडा छान येतो, पण फुकटचा.

शेवटचा_बाक
नाहीतर आयसीसीऐवजी साधा पिअर्सन सहसंबंध द्या. वर जाईल.

मोजपट्टी
जाईल, म्हणूनच देऊ नका. सगळ्यांचेच गुण सारखे खाली आले तर पिअर्सनला पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा दोन्ही फेऱ्यांच्या सरासऱ्या बघा. आयसीसी निरपेक्ष जुळणीचा (गुण तेच आले का) काढलाय की सुसंगतीचा (क्रम तोच राहिला का), तेही बघा. निरपेक्ष खाली आणि सुसंगती बरी असेल, तर मुलांचा क्रम टिकलाय, फक्त सगळी एकदम घसरलीत.

खडूची_पूड
बघितलं. सरासरी ३.१ वरून २.५ वर. निरपेक्षच काढला होता. सुसंगतीचा ०.५८. दहावा प्रश्न चुकून धरला होता (कुणाला सांगू नका), तो काढला तर ०.६२. परीक्षेचं वेळापत्रक जोडून गाईडना पाठवते. पण तरीही, निदान ०.७ हवा, त्याच्या खालीच की.

मोजपट्टी
सात वर्षांची बाजूला काढून बघा. ती या प्रश्नावलीच्या वयात बसतच नाहीत.

खडूची_पूड
त्यांच्यावरच सर्वात जास्त मेहनत घेतली होती! पहिल्या फेरीत एकेकाला वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी वेळ नव्हता म्हणून फॉर्म घरी दिले.

पळापळ
घरी???

मोजपट्टी
घरी कोणी भरले?

आजीबाई_ऑनलाइन
आमच्याकडे तरी शाळेतून आलेले सगळे फॉर्म मीच भरते.