साइडकारच्या चाकालाही ताकद हवी
वर एकांनी विचारलंय, जुन्या एम-७२ला (सोव्हिएत बनावटीची साइडकारवाली मोटरसायकल) जाड गोट्यांचे टायर आणि उंच सस्पेन्शन दिलं की ती चिखलात चालेल का? चालेल, पण फार लांब नाही. एम-७२मध्ये इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकाला मिळते. ते चाक चिखलात जागीच फिरत राहिलं की साइडकार नुसतं ओझं होऊन बसते, आणि गाडी तिच्याच बाजूला ओढली जाते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बीएमडब्ल्यू आर७५ मध्ये या दुखण्यावर खरा इलाज होता. साइडकारचं चाकही शाफ्टने फिरायचं, मध्ये लॉक करता येणारं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), शिवाय खडबडीत रस्त्यासाठी वेगळे गिअर आणि रिव्हर्ससुद्धा. ७४५ सीसीचं इंजिन जेमतेम २६ अश्वशक्तीचं, तरी अशा ठिकाणी तेवढं पुरतं.

आर७५ कापून-जोडून बदलू नये असं मला मनापासून वाटतं. त्यापेक्षा टू-व्हील ड्राइव्हची, म्हणजे मागचं आणि साइडकारचं अशी दोन्ही चाकं इंजिनवर फिरणारी, जुनी उरल ही रशियन साइडकार मोटरसायकल घ्या. तिला डिफरन्शियल नसतं, म्हणून डांबरी रस्त्यावर साइडकारचा ड्राइव्ह आठवणीने काढायचा, नाहीतर वळणावर गाडी सरळच रेटत जाते.

पहिला खर्च पुढच्या फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या भागावर करा. टेलिस्कोपिक फोर्क (एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा) साइडकारच्या आडव्या ताणाने पिळवटतो. लीडिंग लिंक फोर्क (ज्यात चाक पुढे आलेल्या छोट्या दांड्यांवर बसतं) लावला की ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, कमी होतो आणि हँडल हलकं पडतं. खाचखळग्यात दिवसभर चालवायची असेल तर रंग, सीट, दिवे सगळं त्यानंतर.