गाणं शिकायला लागून दहा महिने झाले, अजून भूप रागच. बाईंशी बोलू की क्लास बदलू?

मार्चएंडग्रस्त:

नमस्कार मंडळी. वय ४७, साताऱ्यात कोषागारात नोकरी. शाळेत प्रार्थनेला पुढच्या रांगेत उभी असायचे, एवढंच गाण्याचं भांडवल. गेल्या जूनमध्ये लेक शिकायला पुण्याला गेली, संध्याकाळी घर खायला उठायला लागलं, म्हणून राजवाड्याजवळ एका बाईंकडे गाणं शिकायला जाऊ लागले. बाई सत्तरीच्या. मंगळवार-शुक्रवार, सहा ते पावणेसात. महिन्याला १,२०० रुपये, आगाऊ.

पहिले दोन महिने नुसता सा. तोही चुकीच्या पट्टीत चाललाय हे तिसऱ्या आठवड्यात ठरलं आणि पेटीच्या काळी चारवरून मी एक पट्टी खाली, काळी तीनवर आले. मग स्वर उलटसुलट घोळवायचे पलटे, मग भूप. सरगम झाली, रागाची ओळख सांगणारं लक्षणगीत झालं, छोटा ख्याल झाला, आता त्याच ख्यालातले आलाप. मी गात असते तेव्हा बाई समोर बसून मेथी निवडतात. खरंच सांगते. वर्तमानपत्रावर जुडी सोडलेली, मान खाली. माझा गंधार (ग) जरा उतरला की काडी हातात तशीच थांबते. तोंडाने एक अक्षर नाही. मी परत घेते. जमला की पान खुडलं जातं.

आता दुखणं सांगते. मार्चमध्ये आमच्याकडे काय असतं ते सरकारी नोकरीतल्यांना ठाऊक आहे. ३१ तारखेला तर बिलांच्या ढिगातून रात्री किती वाजता उठलो ते घड्याळालाच माहीत. त्या महिन्यात पाच तास बुडाले. फी पूर्ण दिली, बाईंनी ती मुकाट्याने डब्यात ठेवली. पण जानेवारीत बाई लेकीच्या बाळंतपणाला तीन आठवडे गेल्या होत्या, त्या सहा तासांचं कुणी नाव काढलं नाही. शिवाय माझ्या वेळेत दोन कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त मास्तर येऊन बसतात. एकटीला मिळतात जेमतेम पंधरा मिनिटं.

त्यात ऑफिसात कळलंय की मी गाणं शिकते. जूनअखेर आमच्या साहेबांचा निरोप समारंभ आहे, "मॅडम, एखादा अभंग होऊन जाऊ दे." म्हणायला आहे काय माझ्याकडे? भूपाचे आलाप? शेजारची सहकारी जिथे जाते तिथे तीन महिन्यांत चार गाणी बसवून देतात, कराओकेवर, व्हिडिओसकट.

माझंच काही चुकतंय का? बाईंना पैशांचं विचारणं बरं दिसेल का?

---

अर्धीतान:

तीन महिन्यांत चार गाणीवाल्या क्लासची मी माजी विद्यार्थिनी. चारही गाणी अजून येतात. फक्त त्याच ट्रॅकवर, त्याच पट्टीत. भावाच्या लग्नात पेटीवाल्याने "ताई, कुठली पट्टी?" विचारलं आणि मी मोबाईल शोधायला लागले. पुढचं विचारू नका.

---

भातावाला:

ताई, मी सांगलीत तीसेक वर्षं पेटी शिकवतो, म्हणजे तुमच्या बाईंच्याच बाजूचा माणूस. तरी जमेल तेवढं सरळ सांगतो.

महिन्याची फी ही तासांची नसते, जागेची असते. मंगळवार-शुक्रवार सहाची वेळ तुमच्या नावाने अडकली की ती मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तुम्ही मार्चमध्ये आला नाहीत तेव्हा बाई घरीच होत्या. म्हणून पाच तासांची पूर्ण फी घेतली यात मला काही वावगं वाटत नाही. पण हाच हिशोब उलटाही लागतो. बाई नव्हत्या ते सहा तास भरून द्यायला हवेत, नाहीतर तेवढी फी पुढच्या महिन्यात वळती करायला हवी. बहुतेक शिक्षक देतात. मागायला विद्यार्थी लाजतो आणि सांगायला शिक्षक. मी स्वतः पंधरा वर्षं तोंडाने काही न बोलता मनात कुढलोय. अमक्याची आई दोन महिने पैसे देत नाही, तमका परीक्षेपुरता उगवतो. शेवटी बायकोने एका पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून दाराआड टांगल्या, तेव्हापासून झोप लागते.

बाईंना जरूर विचारा, पण मुली आणि मास्तर गेल्यावर. चौघांदेखत विचारलंत तर त्यांना उत्तर नव्हे, बचाव करावा लागेल.

चौघं एकत्र बसण्याचं म्हणाल तर त्याला दोन बाजू आहेत. मास्तरांचा धैवत (ध) चुकताना ऐकलात तर आपला लवकर सापडतो. पूर्वी शिष्य गुरूच्या घरी पाणी भरत राहायचा, दिवसभर कानावर पडेल ते उचलायचा. आमच्या शेजारच्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायक विष्णु दिगंबर पलुस्कर तसेच शिकले. पुढे त्यांनीच १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग, फी, वेळापत्रक आणलं. आपण सगळे त्या वेळापत्रकाची नातवंडं. पण दुसरी बाजू अशी, की बोली जर एकटीची असेल तर पाऊण तास एकटीचाच मिळाला पाहिजे. १,२०० रुपये सामूहिक वर्गाचे आहेत की स्वतंत्र शिकवणीचे, हे पहिल्याच दिवशी ठरायला हवं होतं. ते तुम्हीही विचारलं नाहीत, त्यांनीही सांगितलं नाही.

आता भूप. पाचच स्वर, मध्यम-निषाद (म-नी) नाहीत, म्हणून लोकांना सोपा वाटतो. पण हेच पाच स्वर देशकार रागाचेही आहेत. धैवतावर मुक्काम वाढला की रात्रीच्या पहिल्या प्रहरातला भूप उठून सकाळच्या देशकाराच्या घरात जातो. गंधार धरून ठेवणं हेच तर भूपातलं काम, आणि तुमच्या बाई नेमक्या गंधारालाच काडी थांबवतात! मेथी निवडताना ज्यांचा कान एवढा जागा आहे त्यांना सोडून तुम्ही कुठे जाणार?

पेटीवाला असून एक कबूल करतो. घरी रियाझाला पेटी घेऊ नका, तानपुरा लावा, फोनवरचा चालेल. पेटीचा गंधार तानपुऱ्यातून आपसूक निघणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. पेटीवर घोटलात की बाईंकडे चुकणारच. पेटीची खोड जुनी आहे, ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला दारच बंद केलं होतं, ते तीस वर्षांनी किलकिलं झालं. माझं पोट तिच्यावर चालतं ती गोष्ट वेगळी.

आणि मार्चमध्ये घरी रियाझ किती झाला हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते मी वाचलंय. रोज वीस मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसणाऱ्यांची बोटं मंगळवारी माझ्यासमोर परकी झालेली असतात.

---

एडिसनकर:

इथे न्यू जर्सीत हा प्रश्न तासाच्याही आधी घड्याळापासून सुरू होतो. आमचे सर पुण्याचे, शनिवारी त्यांच्या संध्याकाळी साडेपाचला शिकवतात. उन्हाळ्यात माझे सकाळचे आठ. नोव्हेंबरात इथलं घड्याळ मागे गेलं की सात. पहिल्या वर्षी मी आरामात आठला बसलो, तोवर सर एक तास रिकाम्या पडद्याकडे बघून उठून गेले होते. फी गेली, आणि ती जायलाच हवी होती.

ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी: झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. नाहीतर ते तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून गिळून टाकतं. आणि सरांबरोबर गाण्याची आशा सोडा, आवाज मागेपुढे पोहोचतो. ते म्हणणार, मग तुम्ही म्हणणार. साताऱ्यात समोर बसून बाई तिथल्या तिथे सूर पकडतात हे तुम्हाला फुकट मिळतंय, ताई.

आणि अभंगाचं बाईंना सांगितलंत तरी का? की त्यांनी ओळखावं अशी अपेक्षा आहे?

---

मार्चएंडग्रस्त:

भातावाले काका, पकडलंत. मार्चमध्ये रियाझ शून्य. एप्रिलमध्येही पहिला आठवडा शून्य.

मंगळवारी सगळे गेल्यावर थांबले. "बाई, जरा विचारायचं होतं," एवढं म्हणेपर्यंतच घाम फुटला. बाईंनी कपाटातून शाळकरी वही काढली. माझ्या नावाचं पान! जानेवारीचे सहा तास शाईने लिहिलेले, पुढे "देणे". मार्चचे पाच तास पेन्सिलने, त्यांच्यापुढे काहीच नाही. म्हणाल्या, "मे महिन्यात मुली गावी जातात, तेव्हा तुझे सहा एकटीचे घेणार होते. तू विचारशील म्हणून थांबले होते." मी म्हटलं, तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते. दोघी हसलो. १,२०० सगळ्यांचे मिळूनच आहेत. एकटीचे हवे असतील तर दोन हजार. मेनंतर कळवते म्हणाले.

एडिसनकर, अभंगाचं त्यांना खरंच सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर म्हणाल्या, "समारंभ आहे होय! अगं, मग भूपातलाच बसवू की, नवा राग कशाला?" दोन कडवी, केरवा तालात. कराओके चालणार नाही, मास्तर पेटी धरतील. मास्तर पेटी वाजवतात हे मला दहा महिन्यांत कळलं नव्हतं.

काल शुक्रवारी मेथी नव्हती, गवार होती. मोडताना टक् टक् आवाज येतो, त्यामुळे मान वर करून बघावंही लागत नाही. अभंगाच्या दुसऱ्या ओळीत धैवत गोड लागला म्हणून मी त्यावर जरा रेंगाळले, आणि टक् टक् थांबलं.