गुळवेलीचा काढा : ओलं खोड किती घ्यायचं, कोणाला द्यायचा नाही?

मृण्मयी_के
आईला (६१) गुळवेलीचा काढा सुरू करायचा आहे. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. कुंपणावर वेल आहे. ओलं खोड किती घ्यायचं? पानंही चालतील का?

वनौषधी_सातारा
पानं नकोत, औषधात खोडच वापरतात. अंगठ्याएवढं जाड, हिरवट खोड घ्या. वरची पातळ साल खरवडून ठेचा. २० ग्रॅम ठेचलेलं खोड ३२० मिली पाण्यात मंद आचेवर, झाकण न ठेवता, ८० मिली उरेपर्यंत आटवा आणि गाळून त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये साठवू नका. काढा फार पातळ झाला तर बहुतेक वेळा खोड न ठेचता नुसते तुकडे टाकलेले असतात.

आधी वेल नीट ओळखा. खोडावर मोठ्या चामखिळीसारख्या गाठी दाट असतील तर ती टिनोस्पोरा क्रिस्पा, म्हणजे गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल, असू शकते. ती नको. पान दोन्हींचं हृदयाकृतीच, त्यामुळे पानावरून ठरवू नका.

फार्मा_अनघा
प्रमाणाच्या आधी थायरॉइडचं बघा. गोळी हाशिमोटोमुळे चालू असेल तर तो ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला करते, आणि गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे सिद्ध नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद राहू दे, पण तुमच्या आईच्या बाबतीत मी अँटी-टीपीओ (हाशिमोटो ओळखण्याची रक्ततपासणी) आणि एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) केल्याशिवाय एक घोटही देणार नाही.

दुसरं, मेटफॉर्मिनसोबत साखर आणखी उतरू शकते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (मधुमेहाची दुसरी गोळी) असेल तर धोका जास्त. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या चालू असतील तर गुळवेल पूर्ण वर्ज्य.

मृण्मयी_के
अँटी-टीपीओ कधी केलेलीच नाही. मग काढ्याऐवजी सत्त्व चालेल का?

वनौषधी_सातारा
नाही, अनघाताईंचं बरोबर आहे, आधी तपासणी. सत्त्व म्हणजे ठेचलेलं खोड पाण्यात चोळून तळाशी बसणारा पांढरा साका, मुख्यतः स्टार्च. पण त्या वेलीचंच ते, म्हणून सौम्य समजून सुरू करू नका. बाजारात त्यात दुसरं पीठ मिसळलेलंही मिळतं.

फार्मा_अनघा
आणि कधी आधीच दिलं गेलं असेल, तर भूक मरणं, लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी बंद करा आणि एलएफटी (यकृताच्या रक्ततपासण्या) करून घ्या. डॉक्टरांना गुळवेलीचं नाव घेऊन सांगा. घरगुती म्हणून लोक ते सांगत नाहीत, आणि निदान तिथेच लांबतं.