जुन्या जीपमध्ये सीट हीटर बसवला, वायर गरम होतेय – वायरिंगबद्दल मदत हवी आहे

येलदरीकर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितलं तर तुम्हाला उत्तर देणं सोपं जाईल.

मी जिंतूर तालुक्यातला, येलदरी धरणाच्या बाजूचा. गाडी २००८ सालची डिझेल जीप, सीटा रेक्झिनच्या, एसी नाही. आमच्या अण्णांना दर महिन्याला छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावं लागतं. वय ७४. नंबर लवकर लागावा म्हणून पहाटे साडेचारला निघतो आणि मंठा, जालना करत जातो. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडचा गारठा कसा असतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्यात धरणाचं वारं. रेक्झिनवर बसल्या-बसल्या अण्णांची कंबर धरते आणि दवाखान्यापुढे उतरवायला दोन माणसं लागतात. गोधडी खाली घालून पाहिली, ती घसरते.

म्हणून १२ व्होल्टचा सीट हीटरचा किट मागवला. दोन सीटांचे मिळून चार कार्बन फायबरचे पॅड, प्रत्येकावर ३० वॅट लिहिलेलं. कमी-जास्त करायची दोन बटणं, वायरिंगचा जुडगा आणि एक रिले (छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा स्विच). बसवणाऱ्याने रिले लावलाच नाही. 'एवढ्याशा लोडला कशाला,' म्हणाला. वायपर आणि मोबाइल चार्जर ज्या फ्यूजवर आहेत, तिथूनच लाइन घेतली. फ्यूज १० अँपिअरचा, लाल. दुकानात इंजिन बंद ठेवून दहा मिनिटं चालवून दाखवलं. सीट छान ऊबदार झाली आणि मी पैसे देऊन आलो.

पुढच्या खेपेला मंठ्याच्या अलीकडे काचेवर दव धरलं. वायपर लावला आणि थोड्याच वेळात फ्यूज उडाला. हीटर गेला याचं काही नाही हो, वायपर गेला! समोर धुकं आणि उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे लाल दिवा तर सोडाच, साधं रेडियमही नाही. अण्णा शेजारी, आणि मी खिडकीतून हात काढून फडक्याने काच पुसत जालन्यापर्यंत गेलो. तसली पहाट पुन्हा नको.

परत गेलो तर त्याने लाल काढून २० चा पिवळा फ्यूज घातला. आता उडत नाही. पण परवा डॅशबोर्डखाली जळका वास आला. हात घातला तर बटणामागची वायर चांगलीच गरम, आणि वरचं प्लास्टिक मऊ लागलं. मी हीटरची वायर तिथूनच काढून टाकली आहे.

दुकानात चालला आणि रस्त्यावर फ्यूज गेला, असं कसं? जुन्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा, हा भार पेलेल का? आणि आता नीट वायरिंग कसं करून घेऊ? मी स्वतः मोटारपंपाची जोडणी करतो, मल्टिमीटर घरात आहे. सांगितलेलं समजेल.

गोदाकाठ

दादा, वायर काढली ते फार बरं केलं. नांदेडला वीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय, म्हणून स्पष्ट लिहितो. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. भार वाढला म्हणून फ्यूज मोठा केला की मग वायरच फ्यूजचं काम करते, आणि ती डॅशबोर्डच्या आत, बाकीच्या जुडग्यात बांधलेली असते. पिवळा आजच काढा आणि लाल परत घाला.

आता कोडं. ३० वॅटचा पॅड १२ व्होल्टवर अडीच अँपिअर घेतो, चार पॅडांचे १० झाले. पण पॅड म्हणजे साधा रोध, साधारण ४.८ ओहम. व्होल्टेज वाढलं की करंटही वाढतो. इंजिन बंद असताना बॅटरी बारा-साडेबाराला असते. इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४. तिथे तेच चार पॅड साडेअकरा-बारा अँपिअर ओढतात. त्यात चार्जर, त्यात ओल्या काचेवरचा वायपर. १० चा फ्यूज दुकानात कडेवर उभा होता, रस्त्यावर पडला. यापुढे कोणतंही काम इंजिन चालू ठेवून, हेडलाइट-वायपर लावून तपासून घेत चला.

अल्टरनेटरसाठी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टोकांना लावा. हेडलाइट, वायपर, दोन्ही सीटा जास्तवर, इंजिन आयडलला. १३ च्या वर राहिलं तर चिंता नाही. १२.५ कडे उतरलं तर बॅटरी पदरचं घालतेय असं समजा. मग आधी पट्टा आणि कार्बन ब्रश बघायचे, हीटर नंतर.

वायरिंग असं करा. बॅटरीच्या प्लसवरून २.५ चौरस मिलिमीटरची नवीन तांब्याची वायर घ्या आणि बॅटरीपासून वीतभराच्या आत १५ चा निळा फ्यूज बसवा. तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ मधून बाहेर पडून दोन फाटे करा, प्रत्येक सीटला वेगळा साडेसातचा फ्यूज. एक सीट बिघडली तरी दुसरी चालते. ८५ बॉडीला अर्थ. ८६ ला चावी ऑन केल्यावर करंट येणारी वायर. ती फक्त रिलेची कॉइल उचलते, त्यामुळे जुन्या वायरिंगवर भार जवळजवळ शून्य. चावी काढली की हीटर आपोआप बंद. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा. रंगावर कसलेल्या अर्थनेच निम्म्या गाड्या माझ्याकडे येतात. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट पाहिजेच.

जोड पिळून वर काळी टेप गुंडाळलेले असतील तर तेही काढा. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत त्या टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर किंवा दाबाचे लग, आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी.

परतूरकर

वरच्यांनी वायरिंग सांगितलंच आहे. सीटचं एक बघा. पॅड फोमवर सपाट चिकटलाय का? कुशनवाल्याने रेक्झिन ओढून रिंगा मारताना पॅडला घडी पडली तर त्या घडीवर उष्णता साठते. सीटच्या मधल्या खाचेत पॅड जात असेल तर तेही बघा. शिवाय सीट पूर्ण पुढे-मागे सरकवून वायर रुळात येत नाही ना, हे हाताने चाचपा. आमच्याकडे ती रुळात कापली गेली होती.

रात्रपाळी

मी वायरिंगमधली नाही, परिचारिका आहे. तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत म्हणून विचारते. अण्णांना साखर आहे का? पायाला मुंग्या, बधिरपणा?

असेल तर कृपया थांबा. साखर जुनी असली की नसा अधू होतात आणि चटका जाणवत नाही. सीट फार तापली तर तुम्ही-आम्ही चुळबूळ करतो, बटण बंद करतो. त्यांना कळतच नाही. आणि त्यासाठी हीटर लालबुंद व्हावा लागत नाही. ४४ अंशांच्या आसपासची ऊबही एकाच जागी तासन्तास राहिली तर कातडी भाजते. साखरेच्या माणसाची बसायच्या जागेची जखम भरायला किती महिने जातात ते मी रोज बघते. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या सीटचा हीटर लावू नका.

येलदरीकर

ताई, हात जोडतो. अण्णांना अठरा वर्षांपासून साखर आहे. संभाजीनगरच्या खेपाही त्याचसाठी आहेत. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना समजत नाही, हे आम्ही रोज बघतो. पण सीटशी त्याचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. रात्री अण्णांना विचारलं, 'मागच्या खेपेला सीट जास्त तापली होती का?' तर म्हणाले, 'कामून? मला तर गारच लागली.' त्या वेळी बटण जास्तवर होतं. आईने लगेच त्यांची पाठ आणि बैठक पाहिली. कुठे लाली नाही, फोड नाही.

आज काय केलं ते लिहितो. लाल फ्यूज परत घातला, वायपर त्याच्यावर एकटा. गोदाकाठदादा, तुम्ही सांगितलं तशी नवीन लाइन ओढली, रिले बसवला. प्रत्येक पॅड मोजला: ४.७ ते ४.९ ओहम, म्हणजे पॅड धडके आहेत. सगळं लावून आयडलला १३.३ व्होल्ट आले. अर्धा तास चालवून वायरीवर हात ठेवला, गार. सीटखाली वायर रुळापासून दोन बोटांवर होती, ती लवचीक पाइपात घालून बांधली.

अण्णांच्या सीटचा साडेसातचा फ्यूज मात्र काढून माझ्या खिशात ठेवलाय. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारतो. ताई, निघण्याआधी दहा मिनिटं त्यांची सीट मंदवर तापवून, ते बसायच्या आत फ्यूज काढून घेतला आणि वर घोंगडी घातली तर चालेल का? त्यांना गार रेक्झिनवर बसवायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

रात्रपाळी

असं चालेल असं मला वाटतं. बसवण्याआधी तुमच्या हाताची मागची बाजू मिनिटभर सीटवर टेकवून बघा, आपण बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतो तशी. आणि जालन्याला चहाला थांबाल तेव्हा त्यांना उतरवून दोन पावलं चालवा. कंबरेला त्याचाही उपयोग होईल. डॉक्टर काय म्हणतात ते इथे नक्की कळवा.